विमानातली वाइन आणि भावाचं तोंड

गुडघे दुखतात म्हणून मुलीनं मला विमानाच्या पुढच्या, भारीतल्या भागात बसवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल ऊर्जानगरच्या क्वार्टरात उमर काढलेली ही बाई एकदम एवढी पैसेवाली कुठून झाली. पैसा नाही हो. जावयाला कामापायी सारखं विमानानं हिंडावं लागतं, त्याचे कसलेसे पॉइंट साचतात, ते त्यानं सासूवर उडवले. मुलगी तिकडे जर्मनीत बाळंत होणार होती. जाणं भाग होतं.

पण मी सांगणार आहे ते बाळाचं नाही. बाळ गोड आहे, रडतं फार, आणि मी परत आले तेव्हा माझ्या अंगात काही उरलं नव्हतं, एवढंच त्याच्याबद्दल. मला सांगायचं आहे त्या वाइनबद्दल. म्हणजे खरं तर माझ्या भावाबद्दल.

माझा मोठा भाऊ अहेरीला राहतो. जन्मभर जंगलाच्या कामावर राहिला, लाकूडतोडीवर, तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं गोळा होतात त्या फडीवर. खाण्याचा असा शौकीन माणूस मी दुसरा पाहिला नाही. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, निघाले की ते कुठल्या नाल्याच्या काठचे, हे तो भाजी खाऊन सांगायचा, आणि आम्ही हसायचो, कारण खरं की खोटं कोण तपासणार. मोहाच्या दारूचंही तसंच. आमच्या माहेरी सणाला, लग्नाला मोहाची निघायचीच. पानाच्या दोन्यात बायांनाही मिळायची, त्यात लपवायसारखं काही नव्हतं. मी लग्न होऊन वीज प्लांटच्या कॉलनीत आले आणि ते सगळं सुटलं. भावाचं सुटलं नाही. पण त्याला दारूनं काही केलं नाही. केलं ते खर्ऱ्यानं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा त्याच्या गालात सकाळपासून असायचा. आमच्याकडे कोणाच्या गालात नसतो म्हणा.

जबड्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. मग मशीनचे शेक दिले, रेडिएशनचे. आजार गेला, डॉक्टर म्हणाले. तोंडातल्या जखमाही हळूहळू भरल्या. पण चव गेली ती गेलीच.

मी जायच्या आधी भेटायला गेले तर वहिनी ताट घेऊन समोर बसलेली, आणि हा भिंतीकडे तोंड करून.

"भात कसा लागते रे?" मी विचारलं.

"माती."

"आणि वरण?"

"ओली माती."

मी हसले, वहिनी हसली नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ताट उचलून आत नेलं. मग चुलीजवळ उभी राहून मला हळूच म्हणाली, "बाई, वजन उतरूनच राह्यलं. डॉक्टर म्हणते, पुढच्या वेळी काटा वर नाई सरकला त नाकातून नळी टाकतो. अन् हे म्हणते नळी टाकू देणार नाई. आता काय करू मी, सांगा."

भावाला बाहेर ऐकू गेलं होतं. तोंड नीट उघडत नाही तरी ओरडला, "नळी नाईच! मी काई फटफटी आहो का पेट्रोल टाकाले!"

मी जवळ जाऊन बसले. हातावर हात ठेवला, तर नुसतं हाड. दादाचा हात असा कधी नव्हता. मग त्यानंच विषय काढला.

"बाई, तू विमानात पुढं बसून चालली म्हणे."

"हो ना. गुडघ्यामुळे."

"तिथी दारू देतेत. काचेच्या गिलासात. अंगुराची. मोबाइलमंदी पाह्यलं मी. सायबासारखे पाय लांब करून पितेत लोक."

"तुले आणू का?"

"आणू नको! जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हातारपणी बहीण सापडली त जमानत कोण घेईन? चाखून ये फक्त. माझ्या तोंडानं होत नाई त तुझ्या तोंडानं चाखतो. अन् आल्यावर सांग कशी होती. बनवून नको सांगजो, मले समजते."

वहिनी आतून म्हणाली, "पाहा! जेवाले म्हटलं त भिंतीकडं तोंड, अन् दारूचं नाव निघालं त डोळे कसे उघडले!"

मला त्यात एक दोरी दिसली, ती मी पकडली. म्हटलं, "चाखीन. पण तू जेवशील का तोवर?"

"पाहीन."

"पाहीन नाई."

"दोन घास. येईपर्यंत. मंग तू सांगशील त पोटभर जेवीन. शब्द."

आता हसाल तुम्ही. पण सांगते, त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की या माणसाला कशाचीतरी वाट पाहायला लावायची. कशाचीही. वाट पाहणारा माणूस दोन घास खातो.

जाताना मात्र माझ्याच्यानं झालं नाही. पहिल्यांदा विमानात बसले होते, डोळे गच्च मिटून, आपलेच हात आपण धरून. विमानातली मुलगी खाण्यापिण्याचा गाडा ढकलत आली आणि काय पाहिजे विचारू लागली, तर माझ्या तोंडून "पानी" एवढंच निघालं. उतरल्यावर आठवलं. मोबाइलवर तोंड दिसलं की भावाचा पहिला सवाल तोच, "चाखली का?" मी म्हणायची, "येताना, येताना." तो मान हलवायचा. दर वेळी त्याच्या गळ्याची हाडं थोडी जास्त दिसायची. फोन धरणारी वहिनी दिसायची नाही, तिचा आवाज यायचा, "आज एकच घास खाल्ला, लबाड बोलून राह्यले तुमच्याशी."

बाळाला न्हाऊमाखू घालायचं, मुलीला डिंकाचं करून द्यायचं, धुणं मशीनमध्ये आणि मन अहेरीला. गुडघे त्या थंडीत आणखी बिघडले. मी परत यायला निघाले तेव्हा मला घराची ओढसुद्धा वाटत नव्हती, फक्त कुठेतरी आडवं व्हावं वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना जावयानं बाटली काढली. त्याला सगळं ठाऊक होतं, मुलीनं सांगितलेलं. म्हणाला, "आई, आधी घरी चाखा. म्हणजे विमानात कळेल कशी आहे ती." भला मुलगा आहे. लाल रंगाची वाइन होती. मी पेला घेऊन आधी मागच्या दारी गेले, बोट बुडवून चार थेंब मातीवर शिंपडले. आमच्याकडे तशीच रीत आहे, दोना हातात आला की पहिले थेंब जमिनीला, आपल्या गेलेल्या माणसांसाठी. मग घोट घेतला. काय सांगू, चांगली होती हो. पिकून गळालेल्या जांभळासारखी. जिभेला तुरट, आणि गिळल्यावर मागून चुलीतल्या ओल्या लाकडाच्या धुरासारखं काहीतरी. मी मनात घोकून ठेवलं, जांभूळ, तुरट, धूर. भावाला सांगायला. जावयाला नाव विचारलं आणि ते पण घोकलं.

विमानात यावेळी डोळे उघडे ठेवले. गरम रुमाल दिला, त्यानं तोंड पुसलं. मग एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड दिलं, त्यात दारूची नावं. गाडा सांभाळणारी मुलगी आपल्याकडची होती, हिंदी बोलत होती, आंटी आंटी करत होती. मी तिला जावयानं सांगितलेलं नाव सांगितलं. ती खूश झाली, म्हणाली आहे, अगदी तीच आहे. आणि कार्डावर तिच्याबद्दल काय लिहिलं आहे ते मला वाचून दाखवू लागली. काळी फळं. चामड्याचा वास. आणि तंबाखू.

"तंबाखू?" मी म्हटलं.

"हाँ आंटी, टोबॅको. बहुत बढ़िया मानते हैं."

 ज्या तंबाखूनं माझ्या भावाच्या तोंडाची अशी वाट लावली, ती इथे जाड पुठ्ठ्यावर कौतुकानं लिहिलेली. तिला काय सांगणार. तिनं नॅपकिनमध्ये धरून बाटली मला दाखवली, जशी काही मला त्यातलं कळतं, आणि थोडीशी ओतली.

आता इथे माझी फजिती झाली. पेला हातात आला आणि माझं बोट आपोआप आत गेलं. चार थेंब खाली. खाली म्हणजे कुठे, तर फिक्क्या रंगाच्या गालिच्यावर. लाल डाग पडले.

"अरे! कुछ गिर गया क्या?" ती धावली. कागद आणले, सोड्याचं पाणी आणलं, गुडघ्यावर बसून पुसू लागली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणत होते, बेटा राहू दे, तर ती उलट माझीच समजूत घालत होती की होतं असं, विमान हलतं. माझा पेला तिनं नेला आणि नवा, स्वच्छ पेला आणून भरून दिला. नवा पेला, नवी दारू. माझं बोट पुन्हा आत गेलं.

पलीकडच्या सीटवरचा सूटवाला माणूस आता उघड उघड पाहत होता. ती मुलगी हातात कागद घेऊन थांबली, माझ्याकडे पाहिलं. यावेळी तिनं विचारलं नाही काय पडलं. मीच सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, की आमच्यात पहिले थेंब जमिनीला देतात, आपल्या गेलेल्या लोकांना. ती खाली पाहून म्हणाली, "पर आंटी, ज़मीन तो बहुत नीचे है." तिला हसायचं नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघी हसलो. मग तिनं पेल्याखालच्या बशीत एक कागदी रुमाल पसरला आणि म्हणाली, यावर टाका, उतरल्यावर मी बाहेर टाकीन. टाकला का नाही देव जाणे. पण म्हणाली.

आणि मग मी घोट घेतला.

काहीच नाही.

मी दुसरा घेतला. आंबूस पाणी. लोखंडी खिळा पाण्यात ठेवून ते पाणी प्यावं तसं. जांभूळ नाही, धूर नाही, तुरटपणा तेवढा उरलेला, तोही हिरड्यांना बोचणारा. मी तोंडात घोळवलं, डोळे मिटले, श्वास नाकातून सोडला, सगळं करून पाहिलं. कालच तर हीच वाइन प्याले होते. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. जेवण आलं, भाजीचा घास घेतला, तोही फिका, कोणी मीठ विसरल्यासारखा.

त्या मुलीला विचारलं, "बेटा, ही नासली आहे का?"

ती म्हणाली, नाही आंटी, वर सगळ्यांनाच असं होतं. हवा कोरडी, नाक सुकतं, कान भरून येतात, जीभ अर्धी झोपते. म्हणून कंपनी विमानासाठी दारू निवडते ती चढ्या चवीची निवडते. नाजूक असते तिचं तर वर पाणीच होतं. जेवणातसुद्धा मीठमसाला जास्त टाकतात, तरी लोक म्हणतात फिकं. मग जाता जाता म्हणाली, खाली कोणी टमाटरचा रस विचारत नाही, वर आले की निम्मे लोक तोच मागतात. आंबट कळतं ना.

तिच्या मागून सूटवाल्या माणसानं पेला पुढे केला. तिसऱ्यांदा भरून घेत होता तो. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काही लागत असेल असं वाटलं नाही. टीव्हीकडे पाहत पीत होता.

मी पेला तसाच धरून बसले. खिडकीबाहेर ढगांवर ऊन होतं, डोळे दिपत होते. आणि मला एकदम कळलं की हे दादाचं तोंड आहे. मी "माती" ऐकत आले होते आणि त्याला लाडानं, रागानं, देवाची शपथ घालून "खा रे" म्हणत आले होते. माती लागते म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. आता जिभेवर होतं. आणि माझं तर उतरल्यावर जाणार होतं.

त्या मुलीकडून मी टमाटरचा रस मागून घेतला. वर मीठ, मिरी. खरंच, तो लागला. कानाखाली, जबड्याच्या खोबणीत चिमटा बसला.

नंतरचा सगळा रस्ता मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. भावाला काय सांगायचं? जांभूळ, तुरट, धूर, हे तयार होतं. खोटंही नव्हतं, त्याच वाइनचं होतं, फक्त घरातलं. ते सांगितलं तर तो खूश होईल, शब्द दिला आहे, जेवेल. खरं सांगितलं, की एवढ्या मोठ्या लोकांची दारू, आणि तीसुद्धा मातीच, तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करील. आणि नागपूरच्या डॉक्टरांची तारीख जवळ आली होती.

घरी पोचून अंग सावरायच्या आधीच निघावं लागलं. आमच्या यांनी म्हटलं दोन दिवस पड, पण वहिनीचा फोन आला होता. बस गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत जाते. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली आहे. लाल धूळ खिडकीतून येऊन पदरावर, पापण्यांवर बसत होती. विमानात पाय लांब केले होते तेच गुडघे इथे समोरच्या सीटच्या पत्र्यावर आपटत होते. मी काही कुरकुर केली नाही. कुरकुर करायलाही जीव लागतो.

भाऊ ओसरीवर खाटेवर बसला होता. लुंगी कमरेला दोन वेळा गुंडाळलेली. त्यानं बाळाचं विचारलं नाही, माझं विचारलं नाही.

"सांग."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ एकच होता. चांगलं सांगा बाई, काही करून चांगलं सांगा.

मी तोंड उघडलं. जांभूळ म्हणायचं होतं. त्याच्या गालावरचा टाक्यांचा वण पाहिला आणि ते म्हणता आलं नाही.

"माती," मी म्हटलं.

"काय?"

"माती होती दादा. तीच दारू घरी चांगली लागली, जांभळासारखी. वर गेल्यावर काहीच नाई. आंबूस पाणी. भाजी बी तशीच. तिथी सगळ्यांचंच तसं होते म्हणे. जीभ झोपते."

 वहिनीनं कपाळाला हात लावला.

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. सूटवाल्यांचं बी."

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "एवढं भाडं घेऊन लोकाइले माझं तोंड बसवून देतेत?"

आणि हसला. तोंड उघडत नाही त्याचं, नाकातूनच हसला, खांदे हलले, ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावली. ठसका थांबला तर पुन्हा हसला. "अन् तरी पितेत?"

"तिसऱ्यांदा मागून पितेत."

"काऊन?"

"समोर येते म्हणून. बसून आहेत म्हणून. मी नाई विचारलं."

मग मी गालिच्यावर शिंपडल्याचं सांगितलं, नव्या पेल्यात पुन्हा बोट घातल्याचं. तो मांडीवर थाप मारत होता. "बापाले विमानात पाजली! जिंदगीत एस्टीच्या पुढं गेला नाई बाप!"

आणि मग त्या मुलीचं सांगितलं, की वरच्यासाठी चढ्या चवीचं निवडतात, नाजूक चालत नाही, आणि आंबट तेवढं कळतं. हे मी वहिनीकडे पाहून सांगितलं. इतके महिने ती बिचारी मऊ खिचडी, दुधात कालवलेला भात, आजाऱ्याला देतात तसं फिकं करून घालत होती. आम्ही सगळेच तसं सांगत होतो. डॉक्टरांनी फक्त तिखट नको म्हटलं होतं.

वहिनी उठून आत गेली. अंबाडीची भाजी होती घरात. मी मागोमाग गेले, दोघींनी मिळून पातळसर केली. तांदळाच्या कण्या घालून, मिरची अजिबात नाही, मीठ चढं, आणि अंबाडी रोजच्या दुप्पट. वर चिंचेचा कोळ. मी चाखलं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाली, "हे माणसानं खायचं आहे का बाई?" मी म्हटलं वाढ.

त्यानं वाटी हातात घेतली. बराच वेळ नुसती धरली. मग बोट बुडवलं आणि ओसरीच्या कडेच्या मातीवर चार थेंब शिंपडले. वहिनी माझ्याजवळ उभी होती, तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. आजारपण सुरू झालं तेव्हापासून त्यानं हे सोडलं होतं. म्हणायचा, मलेच माती लागते, तर मेलेल्याइले काय देऊ.

पहिला घास त्यानं तोंडात ठेवला.  तो चावत राहिला. मग हात वर नेऊन कानाखाली, जबडा जिथे कापला नव्हता त्या बाजूला, दाबला.

"काय झालं? दुखते का?"

"नाई," तो म्हणाला. "इथी काईतरी चावलं."

दुसरा घास घेतला. तिसरा. चव आली असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. सावकाश, वाटीच्या काठाकडे पाहत खात होता. नागपूरला काटा काय सांगेल ते मला ठाऊक नव्हतं, आजही इथे बसून लिहिताना तो दिवस यायचाच आहे. मी भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. गुडघ्यांत कळ गेली आणि मग हळूहळू ते बधीर झाले. डोळे मिटत होते.

अर्धी वाटी संपली तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला, मला नाही, वहिनीला म्हणत होता, "उद्या याच्याहून आंबट कर."